संदीप मला 'तुम्ही' म्हणायला लागला

प्रिय मंदा,

सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी तूच राहिली होतीस, म्हणून हे पत्र तुला.

हसू नकोस. 'प्रिय' बघून तर नकोच नको. जिवंतपणी मी तुला एक ओळ लिहिली नाही. एका घरात राहणाऱ्याला पत्राचं काय काम? मी 'अगं' म्हणायचं, तू 'अहो' म्हणायचं, त्यात सगळा संसार झाला. पण काल संध्याकाळी गोठ्यात संदीपनं मला एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू समोर नाहीस. संदीप पहिल्या पाळीला रांजणगावला गेला आहे, सारिका डेअरीला दूध घालायला. घरात मी, मांजर आणि तुझा फोटो. फोटोशी भांडायला गेलो तर जमत नाही, फोटोत तू जरा जास्तच गरीब दिसतेस. म्हणून लिहितो.

भांडणाच्या आधी एक तक्रार ऐकून घे. माझी रिटायरमेंट तोंडावर आलेली असताना तू जायला नको होतंस. दिवाळी झाली आणि तू गेलीस, उन्हाळ्याच्या तोंडाला मी कारखान्यातून सुटलो. मधे काही महिने तर होते. एवढी वर्षं मला 'एकदा घरी बसा, मग सांगते तुम्हाला' असं धमकावत होतीस. काय सांगणार होतीस? आता घरी बसलोय, तर सांगायला तू नाहीस.

पगार माझा होता, कारभार तुझा. पगाराचा मेसेज आला की मी पैसे काढून तुझ्या हातावर ठेवायचे आणि त्यातले पेट्रोलला म्हणून थोडे तू मला परत द्यायचीस. पुढचं तू बघायचीस. मला वाटायचं घर आपोआप चालतं. आता कळतंय की महिन्याला पोहे किती लागतात हेसुद्धा कुणीतरी ठरवावं लागतं. पेंडीचं पोतं संपायच्या आधी आणायचं की संपल्यावर? गॅस कधी नोंदवायचा? परवा पाटलांच्या नातीचं लग्न झालं. मी आणि सारिका पाकीट पुढ्यात घेऊन बसून राहिलो. रिटायर माणसानं आहेर पूर्वीइतकाच करायचा की कमी करायचा? कमी केला तर भावकी म्हणणार, पगार थांबला आणि माणूस आखडला. तेवढाच केला तर म्हणणार, फंड आलाय जोरात. यातलं तुला सगळं कळायचं. कुणी आपल्याला काय केलं होतं ते तुझ्या तोंडपाठ होतं. आम्ही शेवटी अंदाजपंचे रक्कम घातली आणि पाकीट घाईनं चिकटवून टाकलं.

पेन्शन म्हणशील तर लाइट बिल आणि तुझ्या औषधांचं बिल भागलं असतं एवढी आहे. औषधं आता लागत नाहीत. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे आलं ते आलं, आयुष्यभराचं तेवढंच.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. 'तुमच्या डोळ्यांतच काटा बसलाय,' असं तूच म्हणायचीस. पण मला सांग, जन्मभर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेल्या माणसाचे डोळे दुसरे कसे असणार? भरलेली गाडी काट्यावर यायची, वजन व्हायचं. ऊस टाकून तीच गाडी रिकामी यायची, परत वजन. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. आणि सगळी लबाडी त्या फरकातच. भरली गाडी तोलताना ड्रायव्हर आणि आणखी दोघं केबिनमध्ये गप बसून राहायचे. रिकामी तोलताना तेच तिघं खाली उतरून बिडी ओढत उभे. म्हणजे माणसांचं वजन उसाच्या भावात. मी पहिल्या वर्षीच शिकलो की गाडीकडे बघायचं नाही, गाडीत कोण बसलंय ते बघायचं.

तर फंड येणार हे मला कळायच्या आधी गावाला कळलं. न्हावऱ्यात जी माणसं मला लांबून हात करून जायची ती उंबऱ्याच्या आत येऊन बसायला लागली. एकजण शिक्रापूर रोडचा प्लॉट घेऊन आला. प्लॉट मोबाइलमध्ये होता. एकजण विमा घेऊन आला, त्याच्या हिशेबानं मी मेलो तर फारच फायद्यात होतो. तुझा मावसभाऊ मिक्सरच्या भांड्याएवढं शेणखताचं सॅम्पल घेऊन आला आणि म्हणाला, यात भागीदारी करा, दाजी. मी सगळ्यांना चहा पाजला. येताना किती वजनाचे आले आणि जाताना किती वजनाचे गेले ते बघितलं. कुणाच्या हाताला माझी सही लागली नाही, हे तुला सांगायला मला अभिमान वाटतो.

मग संदीप.

आपल्या भावकीत बापाला 'तू' म्हणणारं ते एकच पोर. तुला ते कधी पसंत नव्हतं. 'चारचौघांत तरी तुम्ही म्हणत जा रं,' असं तू त्याला सांगायचीस आणि तो चारचौघांत जास्त मोठ्यानं 'तू' म्हणायचा. त्याच्या लग्नात, सारिकाच्या माहेरची सगळी मंडळी समोर असताना, 'आप्पा, तू हितं ये, फोटोत तुझं डोकं कापतंय' असं ओरडला, तेव्हा तू पदर तोंडाला लावलास. मला मात्र ते आवडायचं. काट्यावर दिवसभर 'साहेब, तुम्ही' ऐकून कान विटलेले असायचे. ज्यांना वजनात काही करून हवं असायचं ते सगळे 'तुम्ही' म्हणायचे. घरी आलो की पोराचं 'तू' ऐकायचं आणि बूट काढायचे.

तर हा संदीप मला 'तुम्ही' म्हणायला लागला.

नेमका कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. तू गेल्यावर कितीतरी महिने मला घरात कोण काय बोलतं ते ऐकूच येत नव्हतं. मला पहिल्यांदा ऐकू आलं ते फंडाचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला त्या दिवशी. मी ओसरीत बसून मेसेज दोनदा वाचला आणि संदीप बाहेरून येऊन म्हणाला,

"आप्पा, तुम्ही च्या घेतला का?"

मी वर बघितलं. म्हटलं, दुसरं कुणी आलं असेल. कुणी नव्हतं.

"आप्पा, तुम्ही जेवून घ्या." "आप्पा, उन्हाचं तुम्ही नका जाऊ, मी जातो." मंदा, प्रत्येक 'तुम्ही' मी मोजायला लागलो. सारिका पहिल्यापासून मला मामा, तुम्ही म्हणते, ती सून आहे, तिचं वेगळं. पण याला काय झालं? एकदा त्यानं विचारलं, "आप्पा, तुम्ही पैसे कुठं ठेवायचं ठरवलंय? नॉमिनी कोण टाकलाय?" म्हटलं, आलं. गाडीत कोण बसलंय ते आता कळलं.

त्या दिवसापासून मी पासबुक, चेकबुक आणि एटीएम कार्ड कापडी पिशवीत घालून बरोबर ठेवायला लागलो. मळ्यात जाताना पिशवी, दाढी करताना पिशवी. मोबाइलचा पासवर्ड बदलला आणि बदललेला विसरलो, त्यासाठी शिरूरला दुकानात जाऊन बसावं लागलं. सारिका एकदा म्हणाली, "मामा, पिशवीत अंडी हायत का? लई जपून ठेवताय." मी हसलो नाही. मला वाटलं, हिला संदीपनंच विचारायला लावलंय. पोराच्या शेजारी जेवताना मी त्याच्या हाताकडे बघत होतो, हा आज काय विचारणार म्हणून. तू असतीस तर माझ्या डोक्यात टपली मारली असतीस. तू नव्हतीस, म्हणून मी बबनकडे गेलो.

बबन म्हणजे काट्यावरचा माझा जोडीदार. तुला तो कधीच आवडला नाही, त्याला तू कान तुटलेल्या कपातूनच चहा द्यायचीस. तो माझ्या आधी वर्षभर रिटायर झाला. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही बसलो होतो. मी त्याला सहज म्हणून सांगितलं की पोरगं हल्ली 'तुम्ही' म्हणतंय.

त्यानं कप खाली ठेवला. "कवापासनं?"

"फंड आला तवापासनं असंल."

"मंग ध्यानात ठेव, लेका. पोरगं बापाला अहो-जाहो कराय लागलं का समजायचं, कागद तयार हाय, फकस्त तुझी सही राहिलीया."

"तसं न्हाई रं ते पोरगं."

"माझं पोरगं बी तसं न्हाई," बबन म्हणाला. "म्हणून तर मी सगळं दौंडच्या एका कंपनीत टाकलं. बँकेपरीस दुप्पट देत्यात. आन् घरात कुणाला पत्ता लागत न्हाई. तू येडा हायस, गड्या. पैसा घरी कळला का बाप घरचा राहत न्हाई."

हे शेवटचं वाक्य मला फार पटलं. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायला लागलं. बबन मला लेका म्हणत होता, गड्या म्हणत होता, येडा म्हणत होता. त्याच्या बोलण्यात कुठं 'तुम्ही' नव्हतं, म्हणून तो मला खरा वाटला. मंदा, मी एवढा मोठा संशयी आणि माझा संशय घ्यायचा हिशेब हा असा.

काल सकाळी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. घरी सांगितलं, शिरूरला चष्मा दाखवायला जातो. पिशवी शर्टाच्या आत. पारगावच्या पुलावर वारा लागला तेव्हा जरा बरं वाटलं, मग चौफुला आणि मग दौंड. स्टेशनच्या बाजूला एका मोबाइलच्या दुकानावर त्या कंपनीचं ऑफिस आहे. वर गेल्या गेल्या थंडगार. गळ्यात पट्टा अडकवलेला एक तरुण साहेब उठून उभा राहिला, पाण्याची बाटली पुढे आली. कागद तयार होते. माझं नाव छापून तयार. मी येणार हे त्यांचं माझ्या आधीच ठरलेलं दिसत होतं.

आणि बबन खुर्ची ओढून म्हणाला, "साहेब, हे आमचे जुने सहकारी. बसा तुम्ही. हां, तुम्ही हितं सही करा."

मला आधी कळलंच नाही की तो माझ्याशी बोलतोय. आम्ही एका डब्यातून भाकरी खाल्ली, एका काट्यावर निम्मं आयुष्य काढलं. या माणसानं मला 'आरं' सोडून कधी काही म्हटलं नव्हतं. पेन माझ्या हातात होतं. मी पेनाकडे बघितलं, बबनकडे बघितलं. बबन पेनाच्या टोकाकडे बघत होता.

मी म्हटलं, "चष्मा विसरलो. वाचता यायचं न्हाई."

"चष्मा तर डोळ्यावर हाय," बबन म्हणाला.

"हा लांबचा हाय," म्हटलं आणि पेन ठेवून खाली उतरलो.

तो माझ्यामागून जिना उतरत आला. मी त्याला विचारलं, "बबन, खरं सांग. माझ्या सहीचं तुला काय मिळतंय?"

"मला काय मिळायचंय? तुमच्या... तुझ्या भल्यापायी मी आलो." त्याची जीभ अशी दोन दगडांवर पाय ठेवून उभी राहिली.  त्याचेही पैसे तिथं अडकलेत आणि माणसं आणून दिल्याशिवाय ते सुटत नाहीत, असं मला त्याच्या तोंडावरून वाटलं. खरं-खोटं मला माहीत नाही. मी त्याच्या गाडीवर बसलो नाही, एसटीनं आलो.

आता तुला वाटेल, माझे डोळे उघडले. उघडले, पण उलट्या बाजूला. एसटीत बसून मी विचार केला. ज्या माणसाला माझी सही पाहिजे तो 'तुम्ही' म्हणतो, हे बबननं दाखवून दिलं. म्हणजे बबननं संदीपबद्दल सांगितलं ते खरंच होतं. एका 'तुम्ही'चा अर्थ कळला, दुसऱ्याचाही तोच असणार. मला इतकं वाईट वाटलं मंदा, की कंडक्टरनं तिकीट विचारलं तर मी त्याच्या अंगावर ओरडलो. बबन परका, त्याचं काय एवढं? पण पोरगंसुद्धा? मी मनाशी ठरवूनच टाकलं. सगळा पैसा बँकेत ठेवायचा, नॉमिनी म्हणून एखाद्या देवस्थानाचं नाव घालायचं आणि शिरूरला खोली घेऊन एकटं राहायचं. खानावळ कुठं आहे तेही आठवून ठेवलं.

घरी आलो तो थेट गोठ्यात. संदीप धार काढून उठत होता. अजून ऊन होतं. मी विचारलं, "संदीप, तुला माझ्याकडनं काय पाहिजे?"

तो बादली घेऊन वळला. "काय झालं, आप्पा? तुम्ही दमलेले दिसताय."

"त्येच इचारतोय. हे तुम्ही, तुम्ही काय लावलंय? सही पाहिजे का? कुठल्या कागदावर पाहिजे? आण, करतो."

त्यानं बादली खाली ठेवली. गाय लाथ मारेल म्हणून परत उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "सही न्हाई पाहिजे. आईनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"तुम्हाला तुम्ही म्हणायचं."

 त्यानं जे सांगितलं ते मी तुला परत सांगतोय, खरं की खोटं ते तूच ठरव. दवाखान्यात मी औषधं आणायला खाली गेलो होतो आणि तू त्याला जवळ बसवून घेतलंस. म्हणालीस, "त्ये रिटायर व्हतील. नोकरी हाय तवर माणसाला भाईर मान असतोय, घरात कोण काय म्हणलं तर चालतंय. नोकरी गेली का भाईरचा मान जातोय. मंग घरातला तेवढाच उरतो. मी असते तर त्यांना अहो म्हणलं असतं. आता तू म्हण." त्यानं मान हलवली तर तुझं समाधान झालं नाही. त्याला हातावर हात मारून शब्द द्यायला लावलास.

"आन् भांडगावच्या तात्यांचं बी सांगितलं," संदीप म्हणाला.

भांडगावचे तात्या म्हणजे तुझे वडील. त्यांनी हयातीतच सगळी जमीन तुझ्या भावांच्या नावावर करून टाकली, हे मला माहीत होतं. एकदा सणाला आपण गेलो तेव्हा तू रडत घरी आली होतीस, हेही आठवतंय. मला वाटलं, जमिनीत तुला काही मिळालं नाही म्हणून. तू संदीपला सांगितलंस ते वेगळंच होतं. तात्या खाटेवर बसले होते आणि तुझा धाकटा भाऊ, जो जन्मभर त्यांच्यापुढे उभा राहत नव्हता, तो म्हणाला, 'ए म्हाताऱ्या, सरक तिकडं.' आणि तात्या सरकले. तुला रडू आलं ते तात्या सरकले म्हणून.

हे तू मला कधी सांगितलं का नाहीस?

संदीप पुढं म्हणाला, "मला बी सोपं न्हाई, आप्पा. रोज जीभ अडकती. तुम्ही म्हणलं का आई गेली, ह्ये पयलं ध्यानात येतं. तू म्हणावं तर आईचा शब्द मोडतोय. आन् तुम्ही म्हणलं तर तुम्ही पिशवी लपवताय."

त्याला पिशवीचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सारिकालाही. दोघांनी मला एक शब्द विचारला नाही.

मी तरीही हट्टानं विचारलं, "मंग नॉमिनी कोण, पैसे कुठं, ते कशाला पाहिजे व्हतं तुला?"

"आईचं बचत गटाचं खातं," तो म्हणाला. "त्याला नॉमिनीच न्हवता. तेवढ्याशा पैशापायी बँकेत किती हेलपाटे घातले मी. आज हा दाखला आणा, उद्या तो आणा. तुम्हाला सांगितलं न्हाई, तुम्ही त्या वक्ताला बोलायच्या परिस्थितीत न्हवता. तुमचं तसं व्हऊ नये एवढंच. पैसं तुमच्याच नावावर ठेवा. घर, रान, सगळं. आईनं ते बी सांगून ठेवलंय."

"काय?"

"ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये. त्यांनी द्यायला काढला तरी तू घेऊ नको म्हणली."

मंदा, आता आपलं भांडण.

तू मला न सांगता हे सगळं कसं ठरवलंस? मी खाली औषधांच्या रांगेत उभा होतो आणि वर तू माझी वाटणी करत होतीस, अब्रूची. गावात मला संशयी म्हणतात. तुझं काय? तू आपल्या पोटच्या पोरावर संशय घेतलास की हा बापाला एक दिवस 'सरक' म्हणेल. आणि माझ्यावरही घेतलास, की मी सरकेन. मी सरकलो असतो का? खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. काल दिवसभर मी स्वतःच शिरूरच्या खोलीपर्यंत सरकून आलो होतो, कुणी म्हटलंही नसताना.

मला रागही आला आणि तुझी इतकी आठवण आली की मी गव्हाणीवर बसून राहिलो. शेवटच्या दिवसांत तुला धड पाणी गिळता येत नव्हतं आणि तू विचार कसला करत होतीस, तर ह्यांना कुणी अरे-तुरे करू नये. मला वाटायचं तू झोपलीस. मी तुझ्या कपाळावर हात ठेवून बसायचो आणि दवाखान्याचं बिल किती होईल त्याचा अंदाज करायचो. हे आठवलं की मला माझाच वीट येतो. संदीप माझ्याशेजारी येऊन बसला. मग सारिका बादलीची कडी वाजवत आली आणि म्हणाली, दूध नासंल.

पण तुझं एक चुकलं. तुला वाटलं 'तुम्ही' म्हणजे मान. तुझं बरोबर आहे, तुझ्या तोंडात तो मानच होता. तू 'अहो' म्हणायचीस तेव्हा त्यात मान असायचा, राग असायचा, भाजीत मीठ कमी आहे तेही असायचं. ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पोराच्या तोंडातलं 'तुम्ही' मला पाहुण्यासारखं वाटतं. आपल्याच घरात कुणीतरी मला खुर्चीवर बसवून ठेवलंय आणि सगळे उभे आहेत असं वाटतं. त्या पोराची आई गेली, आणि त्याच दिवशी तू त्याचं बापाशी बोलणंही बदलून टाकलंस. एवढं ओझं त्याच्यावर टाकायला नको होतं.

उद्या संदीपची सुट्टी आहे. आम्ही दोघं शिरूरला बँकेत जाणार आहोत. ठेव माझ्याच नावावर, महिन्याला व्याज येईल अशी. नॉमिनी संदीप. रान आणि घर माझ्याच नावावर, मी आहे तोपर्यंत. कुठं काय आहे ते त्याला आणि सारिकाला दोघांनाही दाखवून ठेवणार. बबनलाही एकदा घरी बोलावणार आहे. त्याच्या पोराला बरोबर घेऊन ये म्हणून सांगणार, ते दोघं एकमेकांशी बोलले असतील असं मला वाटत नाही. सारिका त्याला धड कपात चहा देईल, त्याला तू नाइलाजानं हो म्हण. गरीब माणूस आहे, फसलाय.

आणि तुला एक शब्द देतो. मी सरकणार नाही. कुणी काही म्हटलं तरी नाही. माझा पाट मी सोडणार नाही, तुझ्या तात्यांची गोष्ट या घरात होणार नाही. एवढं झाल्यावर तुझं काम झालं की नाही? मग त्या पोराला शब्दातून मोकळं कर. ते तूच करू शकतेस आणि तू तर येऊ शकत नाहीस. म्हणून मी खोटं बोलणार आहे. उद्या शिरूरला जाताना त्याला सांगणार, रात्री आई स्वप्नात आली होती. म्हणाली, पोराला सांगा, पुरं झालं, आता पयल्यासारखं 'तू' म्हण.

माझा त्याला संशय येईल. आई त्याच्या स्वप्नात न येता नेमकी माझ्याच स्वप्नात कशी आली, असं विचारील. विचारू दे. पोरगं माझंच आहे.

तुझा,
ज्याचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस, तो